क्लाउडमधील चुकीची गाणी दुरुस्त करून देणारे आर्वीचे दुकान

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्ती आणि झेरॉक्स यांच्या जोडीने जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे एक छोटे दुकान आहे. तेथे अलीकडे आणखी एक काम मनापासून केले जाते आणि या परीक्षणाचा विषय तेच काम आहे. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या साठ्यात, चढवलेल्या आपल्या गाण्यांच्या जागी कंपनीच्या यंत्रणेने दुसरीच गाणी आणून ठेवली असतील, तर ती शोधून काढून मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा त्याच्या जागी बसवून देण्याचे हे काम आहे. आमच्या भजन मंडळाचा संपूर्ण संग्रह मी येथून दुरुस्त करून घेतला. काम उत्तम झाले, दर खेड्यातल्या माणसाला परवडतील असे आहेत, आणि काही बाबतींत दुकानाने सुधारणा करायला हवी असेही माझे स्पष्ट मत आहे.

ही चूक होते कशी, हे समजल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. संग्रह क्लाउडवर ठेवायचा म्हणजे प्रत्येक फाइल आपल्या संगणकावरून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पाठवावी लागते. साठ मिनिटांची कॅसेट 192 केबीपीएसच्या (सेकंदाला 192 किलोबिट) एमपीथ्रीमध्ये उतरवली तर सुमारे 86 एमबी होतात. अशा ढीगभर कॅसेटी खेड्यातल्या मोबाइल नेटवर्कवरून चढवायच्या म्हटल्या तर रात्रीमागून रात्री जातात, आणि मध्येच लाइन गेली की अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. हा वेळ वाचवण्यासाठी कंपन्यांनी जुळणीची पद्धत काढली. तुमच्या फाइलवरचे गाण्याचे नाव, गायकाचे नाव, गाण्याची लांबी किंवा प्रत्यक्ष आवाजाचा ठसा कंपनीच्या भांडाराशी ताडून पाहिला जातो. गाणे भांडारात सापडले तर तुमची फाइल चढवलीच जात नाही, भांडारातली प्रत तुमच्या संग्रहात दाखवली जाते. ॲपलने आयट्यून्स मॅच या नावाने ही सोय नोव्हेंबर 2011 मध्ये अमेरिकेत वर्षाला 24.99 डॉलर आकारून सुरू केली, तर गूगलने 2012 च्या अखेरीस तीच सोय मोफत दिली. ॲपलकडे जुळलेले गाणे 256 केबीपीएसच्या प्रतीत मिळते, म्हणजे खरखर करणाऱ्या जुन्या फाइलच्या जागी स्वच्छ प्रत हाती येते. बाजारात आलेल्या सीडींसाठी ही पद्धत खरोखर सोयीची आहे, आणि माझ्याकडची जुनी चित्रपटगीते मी वापरत असलेल्या सेवेनेही बिनचूक ओळखली होती.

अडचण येते ती भजनाशी. चित्रपटातले गाणे एकदा ध्वनिमुद्रित झाले की त्याचे नाव, गायक आणि चित्रपट ठरून जातो. अभंगाचे तसे नाही. एकच अभंग शेकडो गायकांनी गायलेला असतो, शब्द तेच असतात, पहिली ओळ हेच नाव असते, आणि फाइलवर गायकाच्या रकान्यात बहुतेक लोक संताचे नाव लिहितात, कारण आपल्याकडे अभंग ओळखला जातो तो शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेवरून. यंत्रणेला मात्र त्या रकान्यात गाणारा माणूस अपेक्षित असतो. नाव पहिल्या ओळीचे, गायक म्हणून संत आणि लांबी सहा-सात मिनिटे, एवढ्यावर ताडून पाहिले तर एखाद्या कंपनीने काढलेला त्याच अभंगाचा स्टुडिओतला अल्बम समोर येतो आणि जुळणी झाली असे समजले जाते. ॲपल म्युझिक 2015 मध्ये आले तेव्हा वर्गणीदारांच्या गाण्यांची जुळणी मुख्यतः अशा लेखी माहितीवरच होत असे. आवाजाचा ठसा तपासण्याची अधिक भरवशाची पद्धत वर्गणीदारांना 2016 मध्ये मिळाली. लेखी माहितीवर झालेली जुळणी आपल्या लोकसंगीताला लागू पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. शब्द सारखे असले म्हणजे गाणे एक होत नाही. भजनात गाणे म्हणजे तो गळा, ती पेटी, मागे झील धरणारी ती माणसे आणि ते गाव.

आमच्या मंडळाकडे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेतली खंजिरी भजने आहेत, वर्धा नदीपलीकडच्या कौंडण्यपूरला कार्तिक यात्रेत गायलेले अभंग आहेत, काकड आरत्या आहेत आणि गावातल्या बायकांनी कोजागिरीपर्यंतच्या महिन्यात म्हटलेली भुलाबाईची गाणीही आहेत. यातले एकही ध्वनिमुद्रण कधी विक्रीसाठी निघालेले नाही. कॅसेटी कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर, मांडवातल्या भोंग्यासमोर धरून भरलेल्या आहेत. त्या पूर्वी संगणकावर उतरवल्या तेव्हा फायलींवरची माहिती भरून आली होती ती शहरातल्या एका स्टुडिओतून, आणि तेथे गायकाच्या रकान्यात सरसकट संतांची नावे टाकलेली होती. मी वर्गणी भरत असलेल्या सेवेने त्यातली कितीतरी भजने परस्पर बाजारातल्या अल्बमशी जुळवली. फोनवर आमच्या दिवंगत गायकांचे भजन लावावे आणि कीबोर्डच्या सुरावर दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज यावा, असे वारंवार होऊ लागले. आमच्या आत्याच्या आवाजातल्या भुलाबाईच्या गाण्याच्या जागी लहान मुलांच्या गाण्यांचा एक तयार अल्बम येऊन बसला होता. ते ऐकून घरातल्या वहिनी एवढेच म्हणाल्या, “हे तं आपलं गाणंच नोहे.” नाव आणि शब्द बरोबर असल्यामुळे ही चूक संग्रहाच्या यादीकडे पाहून कळत नाही, गाणे ऐकावे लागते, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

दुकानदार तिशीतला तरुण आहे आणि भजनाची जाण घरातून आलेली असल्यामुळे त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याने पहिली गोष्ट विचारली ती अशी: “काकाजी, मूळ फायली कॉम्प्युटरवर आहेत की जागा कराले काढून टाकल्या?” सगळ्या दुरुस्तीचा पाया या प्रश्नात आहे. जुळलेल्या गाण्याची तुमची मूळ फाइल संगणकावर असेपर्यंत काहीही बिघडलेले नसते. दुसऱ्या फोनवर तेवढी कंपनीची प्रत वाजते. पण जागा कमी पडते म्हणून मूळ फाइल काढून टाकली आणि पुढे क्लाउडवरून गाणे पुन्हा उतरवून घेतले, तर हाती येते ती कंपनीची प्रत, आणि आपले ध्वनिमुद्रण कोठेच उरत नाही. अशा संग्रहाला सुरक्षित प्रत समजू नये, हे ॲपल स्वतःच आपल्या मदतपानांवर सांगते. दुकानात त्यामुळे आधी सगळ्या मूळ फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली जाते आणि त्यानंतरच क्लाउडमधल्या गाण्याला हात लावला जातो. आमच्या काही फायली खरोखरच काढून टाकलेल्या निघाल्या; त्यांच्या कॅसेटी घरून आणून पुन्हा उतरवाव्या लागल्या. एकाच छताखाली कॅसेट उतरवण्याची सोय असल्यामुळे हे काम अडले नाही. निव्वळ संगणकाचे काम करणाऱ्या माणसाकडे गेलो असतो तर ती भजने गेलीच म्हणून सोडून द्यावी लागली असती.

त्यानंतर चूक शोधण्याचे काम येते. ॲपलच्या संगणकावरील म्युझिकमध्ये यादीत ‘क्लाउड स्टेटस’ हा रकाना दाखवता येतो. त्यात एखादे गाणे ‘मॅच्ड’ (जुळलेले) आहे, ‘अपलोडेड’ (चढवलेले) आहे की चढवण्यास अपात्र आहे, हे दिसते. आमच्यासारख्यांना त्याचा अर्थ सोपा आहे. जे ध्वनिमुद्रण कधी बाजारात आलेच नाही, त्याच्यापुढे ‘मॅच्ड’ दिसले तर ती जुळणी नक्कीच चुकीची आहे, कारण भांडारात नसलेली वस्तू भांडारातल्या वस्तूशी जुळू शकत नाही. एवढ्या एका कसोटीने निम्मे काम हातावेगळे होते. असा रकाना न दाखवणाऱ्या सेवेत प्रत्येक गाणे फोनवर लावून मूळ फाइलशी ताडून पाहावे लागते, आणि दुकानदाराने आमचा संग्रह तसाच तपासला. प्रत्येक भजनाची पहिली काही सेकंदे, मधला एक तुकडा आणि शेवट ऐकून तो वहीत खूण करीत होता. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याने ते कंटाळा न करता केले, याची मी मुद्दाम नोंद करतो.

खरी कसोटी लागते ती माहितीचे रकाने भरण्यात. यासाठी तो एमपीथ्रीटॅग हा विंडोजवर मोफत मिळणारा कार्यक्रम वापरतो, ज्यात अनेक फायलींची माहिती एकाच वेळी पाहता व बदलता येते. त्याने आमच्यासाठी ठरवलेली पद्धत अशी. गायकाच्या रकान्यात गाणाऱ्याचे नाव आणि मंडळाचे नाव. संताचे नाव रचनाकाराच्या रकान्यात. अल्बमच्या रकान्यात गाव, प्रसंग आणि वर्ष. उदाहरणार्थ, कौंडण्यपूर, कार्तिक यात्रा आणि त्या कॅसेटीवर लिहिलेले साल. गाण्याच्या नावात पहिल्या ओळीपुढे पुन्हा गावाचे नाव. हा शेवटचा बदल मला आधी अनावश्यक वाटला होता, पण तोच सर्वांत उपयोगी ठरला. लेखी माहितीवर चालणारी जुळणी नेमकी नाव आणि गायक यांवर अडकते. तेथे गावाचे नाव आले की बाजारातल्या अल्बमशी साम्य उरत नाही आणि फाइल आपोआप जशीच्या तशी चढवली जाते. शिवाय पुढे कोणी हा संग्रह उघडला, तर कोणते भजन कोणी आणि कोठे गायले हे त्याला गाण्याच्या नावातच वाचायला मिळते. शहरातल्या स्टुडिओने जे काम काही मिनिटांत उरकले होते, त्याच कामासाठी येथे मंडळातल्या वयस्क माणसांना फोन करून आवाज कोणाचा आहे हे विचारले गेले.

जुन्या फायलींच्या माहितीत आणखी एक गुंता असतो आणि तो आपल्याकडे घरोघरी सापडेल. पूर्वी सीडी तयार करून देणारे लोक गाण्यांची नावे कृतिदेव फॉन्टमध्ये टंकत असत. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर ती नावे म्हणजे निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ दिसते, आणि जुळणी करणारी यंत्रणाही तीच माळ वाचते. एमपीथ्री फायलींवर माहिती लिहिण्याची जी पहिली पद्धत 1996 मध्ये आली, तिच्यात सगळ्या माहितीला मिळून फाइलच्या शेवटी 128 बाइट आणि गाण्याच्या नावाला अवघे 30 बाइट राखलेले होते. युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीतले देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-8 या साठवणीच्या रीतीत तीन बाइट घेते, म्हणजे त्या जागेत दहाच चिन्हे मावतात, आणि काना-मात्रा-वेलांटीही चिन्हांत मोजली जाते. अभंगाची पहिली ओळ त्यात तिसऱ्या शब्दापर्यंत क्वचितच पोहोचते. नंतरच्या पद्धतींत ही मर्यादा नाही, पण जुन्या फाइलमध्ये दोन्ही प्रकारची माहिती एकाच वेळी असू शकते आणि कोणता कार्यक्रम कोणती वाचेल याचा भरवसा नसतो. दुकानात म्हणूनच जुनी माहिती पूर्ण पुसून नवी माहिती युनिकोड देवनागरीत लिहिली जाते. एकाच गावाचे नाव काही फायलींत देवनागरीत आणि काही फायलींत रोमन लिपीत असले की संग्रहात दोन वेगवेगळे अल्बम तयार होतात. त्यामुळे एकच लिपी ठेवण्याचा त्याचा आग्रह मला रास्त वाटतो.

आवाजाच्या ठशाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण त्यावरून लोकांचा गैरसमज होतो. दुकानदार बाजारातल्या कॅसेटी आणि सीडी ओळखण्यासाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा मोफत आणि मुक्त स्रोत असलेला कार्यक्रम वापरतो. तो ॲकूस्टआयडी या सेवेच्या मदतीने फाइलच्या पहिल्या दोन मिनिटांच्या आवाजाचा ठसा घेतो आणि लोकांनी मिळून उभारलेल्या नोंदींशी ताडून पाहतो. चित्रपटगीतांच्या बाबतीत त्याचा चांगला उपयोग झाला. भजनाच्या कॅसेटीत मात्र पहिली दोन मिनिटे म्हणजे अनेकदा जयघोष, पेटीचा सूर धरणे आणि तबल्यावर हातोडी मारून तो मिळवणे एवढेच असते, आणि गाणे सुरू होईपर्यंत ठसा घेऊन झालेला असतो. मंडळाच्या कॅसेटींपैकी कशाचीही नोंद तेथे सापडली नाही. ते योग्यच आहे, आणि अशा ‘सापडले नाही’ या उत्तराला दुकानदार चांगले उत्तर मानतो, कारण त्यावरून ध्वनिमुद्रण आपले स्वतःचे असल्याला दुजोरा मिळतो.

एका भजनाची दुरुस्ती मी शेजारी बसून पाहिली. कॅसेट वाजवली तेव्हा गायकांचा आवाज किंचित बारीक आणि लय जरा घाईची वाटत होती. आमच्या मंडळात अनेक वर्षे पेटी वाजवणारे आबाजी सोबत होते. दुकानदाराने टेबलाखालून एक जुनी पेटी काढली, आबाजींनी सूर शोधला आणि तो पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, निघाला. आबाजी लगेच म्हणाले, “आपुन त काळी एकवरच गात होतो नं भाऊ, हे पांढरी दोन कुठून आली?” कॅसेटची फीत प्रत्यक्षात सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकायला हवी. ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली त्याचा वेग भरताना कमी असेल, तर नीट चालणाऱ्या यंत्रावर तीच फीत वाढीव वेगाने ऐकू येते, आणि वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर बरोबर एका पट्टीने चढतो. काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात तेवढेच अंतर आहे. दुकानदाराने ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या कार्यक्रमात वेग तेवढा कमी केला, पुन्हा पेटी धरून पाहिली, आणि सूर काळी एकवर आला. आवाज भरदार झाला आणि आबाजींना तो ओळखीचा वाटला. मग गायक, रचनाकार, गाव आणि वर्ष असे रकाने भरून झाले. क्लाउडच्या संग्रहातून ते चुकीचे जुळलेले गाणे काढून टाकले, पण संगणकावरच्या मूळ फाइलला हात लावला नाही. फोनवरून ते गाणे गेल्याची खात्री केली आणि त्यानंतरच नवी फाइल संग्रहात घातली. ती जशीच्या तशी चढली. जुनी नोंद पूर्ण जाण्याआधी नवी फाइल घातली तर काही वेळा यंत्रणा जुनीच जुळणी पुन्हा लावते, असे दुकानदाराने सांगितले आणि एका भजनाच्या बाबतीत तसे झालेले मी पाहिलेही. त्या भजनासाठी त्याने सुरुवातीला काही सेकंदांची शांतता जोडून फाइलची लांबी बदलली, आणि मग ते चढले.

हाच प्रश्न गूगलच्या प्ले म्युझिकने अधिक चांगल्या रीतीने सोडवला होता, असे माझे मत आहे. तेथे गाण्याच्या मेनूतच चुकीची जुळणी दुरुस्त करण्याचा पर्याय होता. तो निवडला की कंपनीची प्रत बाजूला होऊन तुमची स्वतःची फाइल चढवली जात असे. वापरणाऱ्याच्या हातात दिलेली अशी एक कळ दुकानातल्या सगळ्या खटाटोपाचे काम करू शकते. भारतात त्या सेवेची वर्गणी 2017 मध्ये सुरू झाली आणि 2020 च्या अखेरीस ती सेवाच बंद झाली. तिच्या जागी आलेल्या यूट्यूब म्युझिकवर एक लाखापर्यंत गाणी चढवता येतात आणि ती तुमच्या फायली म्हणूनच राहतात, त्यामुळे ज्यांचा संग्रह मुख्यतः घरगुती ध्वनिमुद्रणांचा आहे त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. मात्र चढवलेल्या गाण्याची माहिती तेथे नंतर बदलता येत नाही. एखादे नाव चुकले तर गाणे काढून, फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवावी लागते. म्हणजे माहितीचे रकाने आधीच नीट भरण्याची गरज तेथेही टळत नाही. चढवण्याचे कामही संगणकाच्या ब्राउझरमधून करावे लागते, आणि खेड्यात बहुतेकांकडे फक्त फोन असल्यामुळे अशा दुकानाची गरज तेथेही उरते.

कीर्तनाच्या कॅसेटींबद्दल एक सूचना. ॲपलच्या संग्रहात दोन तासांपेक्षा लांब किंवा 200 एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. सप्ताहातले काल्याचे कीर्तन सहज त्यापुढे जाते. दुकानात अशी कीर्तने तुकडे करून दिली जातात, पण माझ्या एका कीर्तनाचा तुकडा अभंगाच्या मधोमध तोडलेला निघाला. सांगितल्यावर तो लगेच दुरुस्त करून मिळाला. तरीही असे काम गिऱ्हाइकाला विचारून व्हायला हवे, कारण कोठे थांबावे हे कीर्तन ऐकणाऱ्यालाच ठाऊक असते.

दरांबद्दल सांगायचे तर कॅसेट उतरवण्याचे कॅसेटीमागे दीडशे रुपये आणि जुळणीच्या दुरुस्तीचे गाण्यामागे पाच रुपये घेतले जातात. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, त्यात घाई करता येत नाही. हे लक्षात घेतले तर पहिला दर कमीच वाटतो. गाण्यामागच्या दरात मात्र सोपे आणि अवघड काम असा फरक केलेला नाही. ज्या गाण्याचा फक्त एक रकाना बदलायचा आहे त्यालाही पाच रुपये आणि ज्याचा सूर मिळवून, वेग बदलून, पुन्हा चढवायचे आहे त्यालाही पाच रुपये, हे दुकानदाराच्याच तोट्याचे आहे, आणि गर्दीच्या दिवसांत अवघड गाणी मागे पडण्याचे कारणही बहुधा हेच असावे. त्याने दुसऱ्या प्रकारासाठी वेगळा दर ठेवावा. मी तो आनंदाने देईन.

उणिवा आणखी दोन आहेत. काम पूर्ण झाल्यावर कोणत्या गाण्यात काय बदलले याची छापील यादी मिळत नाही. दुकानदाराची वही त्याच्याकडेच राहते, आणि पुढे काही बिघडले तर पुन्हा त्यालाच विचारावे लागते. झेरॉक्सचे यंत्र शेजारीच असताना त्या वहीच्या पानांच्या प्रती देणे अवघड नाही. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. दुरुस्तीसाठी गिऱ्हाइकाचे खाते दुकानाच्या संगणकावर उघडावे लागते, आणि काम संपल्यावर ते बंद करून घेण्याची आठवण गिऱ्हाइकालाच ठेवावी लागते. आमच्या वेळी दुकानदाराने विचारल्याबरोबर ते बंद केले, पण त्याने ते स्वतःहून करायला हवे. ज्या माणसाला पासवर्ड म्हणजे काय हेही नातवाकडून समजून घ्यावे लागते, तो हे विचारणार नाही. त्या खात्यात गाण्यांशिवायही पुष्कळ काही असते.

कामाचा दर्जा मात्र निर्विवाद आहे. दुरुस्तीनंतर मी संपूर्ण संग्रह फोनवर ऐकला. जुळणी पुन्हा बिघडलेले एकही भजन आढळले नाही. भुलाबाईची गाणी आता आत्याच्याच आवाजात वाजतात, मागे एका लेकराचे रडणे आणि कोणाच्या तरी हसण्याचा आवाजही जसाच्या तसा आहे. दुकानदाराने तो गोंगाट काढून टाकू का असे विचारले होते आणि मी नको म्हटल्यावर त्याने आग्रह धरला नाही. खरखर कमी करण्याची सोय अतिशय जपून वापरावी लागते, कारण तिच्या भरात टाळांची आस आणि खंजिरीचा झणकारही निघून जातो. हे त्याला ठाऊक आहे, आणि एवढ्या कारणासाठीसुद्धा मी ते दुकान सुचवीन.

जाणाऱ्यांनी कॅसेटी फडक्यात गुंडाळून सकाळच्या गाडीने न्याव्यात, मे महिन्यात तर दुपारच्या उन्हात त्या नेऊच नयेत, कारण तापलेल्या गाडीत फीत चिकटते. रिकामी हार्ड डिस्क स्वतःची न्यावी, म्हणजे मूळ फायलींची प्रत त्याच दिवशी घरी आणता येते. बाजाराच्या दिवशी तेथे मोबाइलवाल्यांची गर्दी असते, तो दिवस टाळावा. आणि मंडळातले पेटी किंवा तबला वाजवणारे एखादे जुने जाणते माणूस सोबत असेल तर फार बरे. गायक कोण, पट्टी कोणती आणि भजन कोणत्या गावचे, हे तीनही रकाने तेथल्या तेथे भरून होतात.